माहेरच्या जमिनीचं हक्कसोड पत्र कन्नडमध्ये आलंय, सही करायची का?

खानापूरची लेक यांचा प्रश्न:

आमच्या बचत गटातल्या एका ताईंसाठी विचारते. माहेर बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, सासर चंदगडकडे. वडील गेले. मागे आई, दोन भाऊ आणि या एकट्या लेक. जमीन चार एकर, आजोबांच्या वेळेपासूनची. शिवाय गावठाणात घर आहे. भावांनी वारसा लावायला घेतलाय आणि "फक्त एक सही पाहिजे" म्हणून कागद पाठवलाय. तो सगळा कन्नडमध्ये आहे, ताईंना कन्नड वाचता येत नाही. बदल्यात साडीचोळी आणि दरवर्षीचं माहेरपण. गावातले जाणते म्हणतात, ताईंचं लग्न 1994 च्या आधी झालंय, त्यामुळे हक्क तसाही नाही, मग सही देऊन गोडी राखावी. खरंच हक्क नाही का? सही दिली नाही तर पुढं काय करायचं, तेही पायरीपायरीनं सांगा. गटात अशी आणखी तीन प्रकरणं आहेत.

---

उताराजाणकार यांचं उत्तर:

ताई, 1994 ची गोष्ट आधी निकालात काढू, कारण आपल्या भागात ती अजून सर्रास सांगितली जाते आणि तिच्यावर विसंबून कित्येक बायका सही देऊन मोकळ्या होतात.

कर्नाटकानं हिंदू वारसा कायद्यात स्वतःची दुरुस्ती केली. ती 30 जुलै 1994 पासून लागू झाली आणि तिनं लेकीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा वाटा दिला. पण त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुलींना वगळलं. गावातले जाणते सांगतात ते हेच. पुढं 9 सप्टेंबर 2005 पासून केंद्राची दुरुस्ती आली, तिच्यात लग्नाची अट नाही. मग "वडील 2005 च्या आधी वारले असतील तर?" असा वाद बरीच वर्षं चालला. 11 ऑगस्ट 2020 ला सर्वोच्च न्यायालयानं विनिता शर्मा खटल्यात तो मिटवला. हक्क जन्मानं मिळतो, वडील 2005 मध्ये हयात असण्याची गरज नाही. म्हणजे लग्न 1985 चं असलं तरी ताईंचा वाटा उभा आहे.

अडचण एकच येऊ शकते. 20 डिसेंबर 2004 च्या आधी नोंदणीकृत वाटणीपत्र झालं असेल किंवा कोर्टाचा वाटणीचा हुकूमनामा असेल तर ती वाटणी मोडत नाही. जमीन त्याआधीच विकली असेल तर तो व्यवहारही मोडत नाही. "तोंडी वाटणी झाली होती" एवढं म्हणून मात्र भागत नाही. आपल्याकडं तलाठ्याकडं वर्दी देऊन वाटणी लावायची जुनी पद्धत आहे. तशी नोंद 2004 च्या आधीची निघाली तर भाऊ ती पुढं करतील, म्हणून जुने फेरफार आधीच काढून बघा.

आता वाटा किती ते बघा. चार एकर म्हणजे 160 गुंठे. जुन्या कायद्यानं आधी वडील, आई आणि दोन मुलगे असे चार वाटे पडायचे, प्रत्येकी 40 गुंठे. लेकीला फक्त वडिलांच्या 40 मधला चौथा हिस्सा, म्हणजे 10 गुंठे. नव्या कायद्यानं लेकीसह पाच वाटे, प्रत्येकी 32. वडिलांचे 32 परत चौघांत, प्रत्येकी 8. लेकीचे झाले 40 गुंठे. पुरा एक एकर, आणि आईलाही तेवढाच. साडीचोळीच्या समोर ठेवायचा आकडा हा आहे.

हे सगळं हिंदू, जैन, बौद्ध, शीख कुटुंबांना लागू. मुस्लिम आणि ख्रिश्चन बहिणींचे वाटे वेगळ्या नियमांनी ठरतात. गटातली बाकीची तीन प्रकरणं त्यांतली असतील तर वेगळं विचारा.

---

मलप्रभाकाठ यांचं उत्तर:

कायदा वर आला, मी कागदाचं सांगते. कागद वाचता येत नसला तरी त्याचं नाव विचारून घ्या. वरच्या ओळीत मधोमध ठळक अक्षरांत ते लिहिलेलं असतं. कन्नड जाणणाऱ्या आणि भावांच्या बाजूचा नसलेल्या माणसाकडून ते मोठ्यानं वाचून घ्यायचं, आणि कानावर काय पडतं ते ऐकायचं.

"हक्कु बिडुगडे पत्र" ऐकू आलं तर ते हक्कसोड. सब-रजिस्ट्रारकडं नोंदणी झाली की वाटा गेला.
"दान पत्र" म्हणजे बक्षीसपत्र, परिणाम तोच.
"विभाग पत्र" म्हणजे वाटणीपत्र. हे वाईट असतंच असं नाही, पण आत ताईंच्या नावापुढं काय लिहिलंय ते बघा. कधीकधी लेकीच्या नावापुढं थोडी रोख रक्कम आणि सगळे सर्व्हे नंबर भावांच्या नावापुढं असतात.
"अधिकार पत्र" म्हणजे मुखत्यारपत्र. याच्या जोरावर दुसरा माणूस तुमच्या वतीनं विक्री करू शकतो.
"ओप्पिगे पत्र" म्हणजे संमती. यात बायका सगळ्यात जास्त फसतात, म्हणून जरा थांबून सांगते. हे बहुतेक वेळा नोंदणी न करता साध्या ई-स्टॅम्पवर करतात आणि वारसा फक्त भावांच्या नावे लावायला जोडतात. नोंदणी नसलेल्या कागदानं स्थावरातला हक्क सुटत नाही. तेव्हा एखादीनं असा कागद आधीच दिला असेल तर तिनं सगळं संपलं असं समजू नये. पण उताऱ्यावरून नाव जातं, आणि ते परत चढवायला वर्षं जातात.

सही करायचीच ठरली तर शेवटी एक ओळ लिहून घ्या, "मजकूर मला मराठीत वाचून समजावून सांगितला". खाली वाचणाऱ्याचं नाव आणि सही. ही ओळ घालायला समोरचा कांकू करत असेल तर कागदात काय आहे ते तिथंच कळलं. कोऱ्या कागदावर किंवा मधल्या जागा मोकळ्या असलेल्या कागदावर अंगठा नाही म्हणजे नाही.

आणि एक. ही सही मागायची वेळ ठरलेली असते, बाराव्याच्या आसपास, घर भरलेलं असताना. त्या दिवसांत कुठल्याच कागदाला हात लावू नये. वारसा महिना-दोन महिने उशिरा लागला म्हणून जमीन कुठं जात नाही.

---

हिशेबवही यांचं उत्तर:

वंशवृक्षाबद्दल, म्हणजे मयताच्या वारसांची नावं दाखवणाऱ्या कागदाबद्दल, कुणीच लिहिलं नाही, आणि लेकीचं नाव गळतं ते तिथं. कोर्टातला वाटा फार पुढची गोष्ट.

वारसा लावायला नाडकचेरीत, म्हणजे तहसीलच्या हाताखालच्या कचेरीत, अर्ज जातो. सोबत मृत्यूचा दाखला, आधार, उतारा आणि वंशवृक्ष. वंशवृक्षासाठी अर्जदार प्रतिज्ञापत्र देतो, तलाठी (आता ग्राम आडळित अधिकारी म्हणतात) गावात चौकशी करून अहवाल देतो. अर्जदार भाऊच असतो. त्यानं लेकीचं नाव घातलंच नाही, आणि पंचांनीही "लेक दिल्या घरी गेली" म्हणून सोडून दिलं, की छापून येणाऱ्या झाडाला दोनच फांद्या. पुढचं प्रत्येक टेबल तो कागद बघून चालतं.

म्हणून ताईंनी आधी स्वतः लेखी अर्ज द्यावा. एक प्रत तलाठ्याला, एक तहसीलदारांना. मजकूर छोटा असावा. मयताचं नाव, तारीख, सर्व्हे नंबर, "मी मयताची कायदेशीर मुलगी असून माझं नाव वंशवृक्षात व वारसा नोंदीत घ्यावं, मी कोणतंही हक्कसोड दिलेलं नाही." सोबत शाळेचा दाखला किंवा वडिलांचं नाव असलेलं कुठलंही जुनं कागदपत्र. लग्नानंतर नाव-आडनाव बदललेलं असतं, आधारवर नवऱ्याचं नाव असतं, त्यामुळं माहेरची अमुक आणि सासरची तमुक एकच आहे हे दाखवणारं प्रतिज्ञापत्र लागतंच. महाराष्ट्रात दिलेल्या लेकींचे अर्ज इथंच अडतात. हे प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा.

अर्ज आल्यावर फेरफाराची नोटीस निघते आणि वारसाच्या प्रकरणात हरकतीला 30 दिवस असतात. नोटीस चावडीवर लागते, चंदगडला बसलेल्या ताईंना ती दिसणार नाही. भूमी या कर्नाटकाच्या जमीन नोंदींच्या संकेतस्थळावर सर्व्हे नंबर घालून फेरफाराची स्थिती बघता येते. गटातल्या एका पोरीला दर आठ दिवसांनी बघायला सांगा. हरकत पडली की प्रकरण तकरारी होतं आणि तहसीलदारांपुढं सुनावणी लागते.

उताऱ्यात 9 व्या कॉलममध्ये मालकाचं नाव आणि 10 व्यात ते कशानं आलं तो फेरफार नंबर. 11 व्यात बोजे आणि इतर हक्क, 12 व्यात कसणाऱ्याचं नाव. आपल्याला 9 व्यात नाव पाहिजे. "11 मध्ये घालतो की" म्हणून समजूत काढली तर ऐकू नका.

नाव का पाहिजे, जमीन भाऊच कसणार असेल तरी? कारण बायपास, रिंगरोड, कालवा काहीही निघालं की संपादनाची नोटीस उताऱ्यावरच्या नावांना जाते. सोसायटीचं पीककर्ज, नुकसानभरपाई सगळं त्याच नावांवर. शिवाय 9 मध्ये ताईंचं नाव असलं की त्यांच्या सहीशिवाय सगळा सर्व्हे नंबर विकायला गिऱ्हाईक पुढं येत नाही.

भावांशी गोडीनं मिटत असेल तर चौघांची नावं एकत्र चढवा, कसणं भावांकडं राहू द्या, वर्षाला धान्य किंवा रक्कम ठरवा. फक्त त्याचा खंडाचा करार लिहू नका. कर्नाटकात शेतजमीन खंडानं द्यायला कायद्यानं बंदी आहे.

---

साधा प्रश्न यांनी लिहिलं:

पण भावांनी लग्नात खर्च केला, हुंडा दिला, आईवडिलांना सांभाळलं. त्याचा काहीच हिशेब नाही का?

---

उताराजाणकार यांचं उत्तर:

कायद्यात नाही. लग्नाचा खर्च वाट्यातून वळता करायची कुठंही तरतूद नाही. हुंडा तर देणंच 1961 पासून गुन्हा आहे, आणि दिलाच असेल तर त्यावर हक्क त्या बाईचा. तो तिच्या सासरी गेला, तिच्या हातात नाही. भावाच्या लग्नाचा, शिक्षणाचा, दुकानाला दिलेल्या भांडवलाचा खर्च कुणी त्याच्या वाट्यातून कापत नाही, मग बहिणीचाच का? सांभाळल्याबद्दल आई स्वतःच्या एक एकराचं मृत्युपत्र करून कुणालाही देऊ शकते. तो आईचा अधिकार आहे. लेकीच्या वाट्यातून तो फेडायचा नसतो.

---

खानापूरची लेक यांनी लिहिलं:

सगळ्यांचे आभार. आजच कळलं की वंशवृक्ष आधीच निघालाय, त्यात ताईंचं नाव नाही. फेरफारही मंजूर झालाय म्हणतात. आता?

---

मलप्रभाकाठ यांचं उत्तर:

घाबरू नका. उताऱ्यावरची नोंद म्हणजे मालकी नव्हे. नाव गेलं म्हणून हक्क जात नाही. पण आता हात जरा भरभर चालवायला हवा.

पहिलं, मंजूर फेरफाराची आणि त्याला जोडलेल्या सगळ्या कागदांची नक्कल मागा. त्यात ताईंच्या नावाचं ओप्पिगे पत्र निघतंय का ते बघा. निघालं आणि सही त्यांची नसेल तर तो वेगळाच गुन्हा. सोबत कावेरी या कर्नाटकाच्या दस्तनोंदणीच्या संकेतस्थळावरून त्या सर्व्हे नंबरांची ईसी (बोजाचा दाखला) काढा, म्हणजे मधल्या काळात नोंदणीकृत काही झालंय का ते कळेल.

दुसरं, ए.सी. ऑफिसात, म्हणजे प्रांतांकडं, अपील. कर्नाटक जमीन महसूल कायद्याचं कलम 136(2), मुदत हुकूम कळल्यापासून 60 दिवस. उलटून गेले असतील तर उशीर माफ करायचा अर्ज सोबत जोडायचा, नोटीस मिळालीच नाही हे कारण त्यात स्पष्ट लिहायचं.

तिसरं, भाऊ विकायच्या तयारीत असतील तर दिवाणी कोर्टात वाटणीचा दावा आणि त्यातच तात्पुरता मनाई हुकूम. सब-रजिस्ट्रारला नुसता तक्रार अर्ज देऊन बायका निर्धास्त होतात. त्यानं दस्त थांबत नाही, कोर्टाचा हुकूम लागतो. हुकूम मिळाला की त्याची प्रत देऊन 11 व्या कॉलममध्ये नोंद करून घ्या.

दाव्यात दोन चुका फार होतात. एक, मिळकत अर्धीच दाखवतात. चार एकराबरोबर गावठाणातलं घर, परसू, खळं सगळं घाला. घराच्या नोंदीसाठी ग्रामपंचायतीचा ई-स्वत्तूचा नमुना 9 आणि 11 काढा. राहत्या घराची वाटणी लेकीला मागता येत नव्हती, ते कलम 2005 लाच गेलं. दुसरी चूक, आईला किंवा मधल्या खरेदीदाराला पक्षकार करत नाहीत आणि दावा तिथंच लंगडा होतो.

कोर्ट फी ऐकून बायका मागं हटतात. एकत्र ताबा आहे असा दावा असेल तर फी ठरलेली असते, मिळकत मोठी असली तरी 200 रुपये. ताब्यातून बाहेर काढलंय असं लिहिलं तर मात्र वाट्याच्या बाजारभावावर लागते. त्यामुळं दाव्यातलं हे वाक्य वकिलाकडून समजून घेतल्याशिवाय सही करू नका. वकील परवडत नसेल तर तालुका कायदा सेवा समिती कोर्टाच्या आवारातच असते. बाईला उत्पन्नाची अट नाही, वकील फुकट मिळतो. फोन 15100.

आणि टपालात दिलेल्या प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घेतल्याशिवाय कचेरीची पायरी उतरू नका. "साहेब नाहीत, ठेवून जा" म्हटलं तर तोच अर्ज त्याच दिवशी स्पीड पोस्टानं पाठवा आणि पोचपावती त्या प्रतीलाच टाचून ठेवा. मुदत मोजताना तोच कागद कामाला येतो.