पेनिंग ट्रॅप: 100 मिलिसेकंदांत आयसोमर वेगळा दिसेल का?

उजळाईवाडी:
शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. करतोय, सेमिनारला पेनिंग ट्रॅप (चुंबकीय आणि विद्युत क्षेत्रांत आयन अडकवून त्यांचं वस्तुमान मोजायचं उपकरण) घेतलाय. उदाहरण असं: वस्तुमानांक 100, एक धन प्रभार, क्षेत्र 7 टेस्ला, अर्धायुष्य 100 मिलिसेकंद. केंद्रकाची मूळ अवस्था आणि आयसोमर (त्याच केंद्रकाची जास्त ऊर्जेची, काही काळ टिकणारी अवस्था) यांच्यात 100 केईव्हीचा (हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट) फरक. टाइम-ऑफ-फ्लाइट पद्धतीनं (आयनांना उत्तेजन देऊन डिटेक्टरपर्यंत पोचायला लागणारा वेळ मोजायचा) दोन्ही सुटे दिसतील का?

रंकाळा_काठ:
नाही भावा. सायक्लोट्रॉन वारंवारता (चुंबकीय क्षेत्रात आयन सेकंदाला किती फेऱ्या मारतो) येते सुमारे 10.75 लाख हर्ट्झ. एकूण वस्तुमान 93 जीईव्ही (अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट), म्हणजे दोघांच्या वारंवारतेतला फरक जेमतेम 1.15 हर्ट्झ. शिखराची रुंदी साधारण एक भागिले उत्तेजनाचा काळ. 100 मिलिसेकंदांना ती 9-10 हर्ट्झ होते. एक सेकंद उत्तेजन दिलंस तर जमेल, पण तेवढ्यात दहा अर्धायुष्यं जातात. 1024 आयनांमागे एक उरेल.

पंचगंगा_घाट:
फेज (आयन वर्तुळावर कुठं पोचला तो कोन) मोजायची पद्धत घे, जर्मनीतल्या डार्मस्टाटच्या शिपट्रॅप या पेनिंग ट्रॅपवर विकसित झालेली. द्विध्रुव पल्स (विद्युत क्षेत्राचा छोटा झटका) देऊन आयन मोठ्या वर्तुळात न्यायचा, 100 मिलिसेकंद मोकळा फिरू द्यायचा, मग चतुर्ध्रुव पल्सनं ती गती संथ मॅग्नेट्रॉन गतीत बदलायची आणि आयन स्थान दाखवणाऱ्या डिटेक्टरवर सोडायचा. 1.15 हर्ट्झ गुणिले 0.1 सेकंद म्हणजे 0.115 फेरा, जवळपास 41 अंश. ठिपके सुटे दिसतात. निर्वातात कसर राहिली तर मात्र उरलेल्या वायूशी टकरा होऊन ठिपका पसरतो, आणि सगळी मेहनत तिथंच वाया जाते. ठिपका फक्त अपुऱ्या फेरीचा कोन दाखवतो, म्हणून पूर्ण फेऱ्यांचा आकडा आधी कमी काळाच्या मोजणीवरून पक्का कर. ट्रॅपमध्ये एका वेळी एक-दोनच आयन ठेव. वेगळ्या वस्तुमानाचे जास्त झाले की वारंवारताच सरकते.

उजळाईवाडी:
संदर्भ आयन (ज्याचं वस्तुमान आधीच नेमकं माहीत आहे) म्हणून रुबिडियम-85 चालेल?

रंकाळा_काठ:
चालेल. चुंबकाचं क्षेत्र हळूहळू सरकत असतं, म्हणून संदर्भ मोजणी आधी आणि नंतर, दोन्ही वेळा करायची आणि मधल्या क्षणाची किंमत काढायची. गुळाच्या ढेपेआधी प्रमाण वजन तपासतात, तसंच हे. वस्तुमानांक जुळणारा संदर्भ मिळाला तर तोच बरा, पद्धतीतल्या चुका बऱ्याच कटतात.

पंचगंगा_घाट:
आणि इलेक्ट्रॉन विसरू नकोस. गुणोत्तर आयनांच्या वस्तुमानांचं मिळतं, वस्तुमानांचा तक्ता अणूंचा असतो. रुबिडियमच्या वस्तुमानातून आधी एक इलेक्ट्रॉन वजा कर, गुणोत्तरानं गुण, मग एक मिळव. ही पायरी गाळलीस तर सुमारे 90 केईव्हीची चूक येते, म्हणजे जवळजवळ आयसोमरच्या फरकाएवढीच.