वेळेचे नियोजन आणि एआय सहायक : आपापले अनुभव

एआय सहायकाकडून दिवसाची आखणी करून घेणारे आता आपल्यात पुष्कळ जण आहेत. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले. त्याआधीही फोनमधला सहायक गजर लावून देत असे आणि आठवण करून देत असे, पण "या आठवड्यात माझ्यासमोर अकरा कामे आहेत, ती कशी बसवू?" असे साध्या बोलण्यात विचारता येणे ही गोष्ट नवी आहे. ज्यांनी काही महिने तरी असा वापर केला आहे त्यांनी त्याचा उपयोग कुठे झाला, फसगत कुठे झाली आणि कोणती सवय टिकली हे सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे. अमुक साधन चांगले की तमुक, ही तुलना शक्यतो नको. सुरुवात माझ्यापासून करते.

मी घरून भाषांतराचे काम करते. गेल्या वर्षी एक अठ्ठेचाळीस पानांचा अहवाल दहा दिवसांत द्यायचा होता. मी सहायकाला तेवढे सांगितले आणि दिवसाला सहा पाने होतात, हेही सांगितले. त्याने क्षणात तक्ता मांडला : आठ दिवस भाषांतर, दोन दिवस तपासणी. तो तक्ता इतका नीटनेटका होता की निम्मे काम झाल्यासारखेच वाटले. तिसऱ्या दिवशी तो कोलमडला. शांतपणे विचार केल्यावर लक्षात आले की चूक तक्त्यात नव्हती. सहा पाने हा माझ्या सर्वांत चांगल्या दिवसाचा वेग होता आणि तो मी रोजचा म्हणून सांगितला होता. सहायकाने माझ्या शब्दावर विश्वास ठेवला, कारण माझा खरा वेग त्याला कळण्याचा दुसरा मार्गच नव्हता.

कामाला लागणारा वेळ कमी धरण्याच्या या चुकीला डॅनियल कानेमान आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये नाव दिले. मराठीत त्याला नियोजनभ्रम म्हणता येईल. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध कधी पूर्ण होईल असे विचारले होते. सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा होता, प्रत्यक्षात सरासरी ५५ दिवसांहून अधिक लागले. सगळेच बिनसले तर किती दिवस लागतील, या प्रश्नाचे त्यांचे उत्तरही सुमारे ४९ दिवसच होते! हे वाचल्यावर मी तीन आठवडे रोज संध्याकाळी प्रत्येक कामाचा अंदाज आणि प्रत्यक्ष लागलेला वेळ यांची एका फाइलीत नोंद ठेवली. कच्च्या भाषांतराचा माझा अंदाज बरोबर ठरत होता, पण पारिभाषिक शब्द शोधणे आणि शेवटची तपासणी यांना मी धरलेल्याच्या जवळजवळ दुप्पट वेळ लागत होता. आता कोणतीही आखणी मागताना मी ती फाइल आधी देते आणि "माझ्या अंदाजावर जाऊ नकोस, या नोंदींवरून वेळ धर" असे सांगते. तेव्हापासून दिवसाला चार पाने निघतात आणि मुदत पाळली जाते.

माध्यमिक शाळेतील एक शिक्षिका

मला आखणीपेक्षा डोके रिकामे होण्याचा उपयोग अधिक झाला. रात्री अंथरुणावर पडले की उद्याची कामे डोक्यात फिरू लागतात : उत्तरपत्रिका, दोन पालकांना करायचे फोन, सहलीची परवानगीपत्रे, प्रयोगशाळेचे साहित्य. झोपण्यापूर्वी मी पाच मिनिटे फोनवर हे सगळे जसे सुचेल तसे बोलते. सहायक त्यातून तीन गट करतो : उद्याच करायचे, या आठवड्यात करायचे आणि दुसऱ्या कुणाच्या उत्तराची वाट पाहणारे. हा तिसरा गट मी स्वतः कधीच वेगळा केला नव्हता. माझ्या डोक्यावरचे बरेचसे ओझे त्याच कामांचे होते, आणि त्यात त्या क्षणी मला करण्यासारखे काहीच नव्हते.

अपुरे राहिलेले काम मनात अधिक रेंगाळते, हे मानसशास्त्रज्ञ ब्ल्यूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये मांडले. पुढे २०११ मध्ये मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर यांना असे आढळले की काम पूर्ण झाले नाही तरी ते केव्हा आणि कसे करायचे हे नेमके ठरले, की त्याचा मनाला होणारा त्रास कमी होतो. माझा अनुभव याच्याशी जुळतो. मात्र "लवकरच करायचे" असे लिहिलेले काम रात्री पुन्हा जागे करते. "बुधवारी मधल्या सुट्टीत" असे लिहिलेले करत नाही.

एक सावधगिरी आवर्जून सांगते. सहायक तारीख आणि वार यांचा मेळ चुकवू शकतो. माझ्या एका वेळापत्रकात त्याने १५ ऑक्टोबर २०२५ हा गुरुवार धरला होता, तो दिवस बुधवार होता. मी दिनदर्शिका पाहिली म्हणून बचावले, अन्यथा पुढची सगळी कामे एकेक दिवस सरकली असती. अशा सहायकांमागची भाषेची प्रारूपे एकामागून एक शब्द रचत जातात. त्यांच्या आत घड्याळ किंवा पंचांग नसते आणि आजची तारीखही त्यांना बाहेरून पुरवावी लागते. तेव्हापासून माझ्या प्रत्येक मागणीत आजची तारीख आणि वार पहिल्या ओळीत असतात.

नोकरी सांभाळून आईची शुश्रूषा करणारी

वरचे दोन्ही अनुभव वाचताना जाणवले की त्या दोघींचा दिवस निदान काही प्रमाणात त्यांच्या हातात आहे. माझा तसा नाही. आई अंथरुणाला खिळून आहे, मी घरूनच नोकरी करते, आणि दहा ते अकरा या तासात मी काय करणार हे बहुतेक वेळा आईच्या प्रकृतीवर ठरते. त्यामुळे मला मिळालेली सगळी सुरुवातीची वेळापत्रके निरुपयोगी होती. दहा वाजता अहवाल, साडेअकराला ईमेल, अशी ती असायची. पहिला तास मोडला की उरलेल्या दिवसाला अर्थच राहत नसे, आणि संध्याकाळी न झालेल्या कामांची यादी पाहून स्वतःचा राग येई.

दोन महिन्यांनंतर एकदा थकून मी सहायकाला लिहिले की मला वेळा देऊ नकोस, माझ्याकडे वेळा नाहीत, तुकडे आहेत. कोणत्या तुकड्यात काय करता येईल एवढेच सांग. त्यावर त्याने जे प्रश्न विचारले त्यांचा मला खरा उपयोग झाला : सलग किती मिनिटे मिळण्याची खात्री आहे, त्या वेळी आवाज करता येतो का, दोन्ही हात मोकळे असतात का, आणि काम मध्येच सोडले तर पुन्हा पहिल्यापासून करावे लागते का. हा शेवटचा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता आणि मीही स्वतःला विचारला नव्हता. माझ्या कामांपैकी निम्मी कामे मध्येच सोडता येतात. उरलेल्यांपैकी बहुतेकांचे असे भाग पाडता येतात की प्रत्येक भागाअखेरीस थांबायला जागा असते.

आता माझ्याकडे वेळापत्रक नाही. दहा मिनिटांची, पंचवीस मिनिटांची आणि आई झोपल्यावर मिळणाऱ्या लांब वेळेची अशा तीन याद्या आहेत. मोकळा वेळ मिळाला की मी घड्याळ पाहत नाही, योग्य ती यादी उघडते. दर रविवारी सहायकाकडून नव्या कामांची या तीन याद्यांत वाटणी करून घेते. मोठे काम आले की "याचे पंचवीस मिनिटांचे भाग पाड आणि प्रत्येक भागाच्या शेवटी पुढे कुठून सुरू करायचे याची एक ओळ लिही" असे सांगते. त्या एका ओळीने माझे किती तरी तास वाचवले आहेत, कारण व्यत्ययानंतर सर्वांत जास्त वेळ आपण कुठे होतो हे आठवण्यातच जातो.

आईच्या औषधांच्या वेळा मात्र मी सहायकाकडे ठेवलेल्या नाहीत, ठेवणारही नाही. त्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या कागदावर आहेत आणि साध्या गजरावर आहेत. ज्या गोष्टीत एक चूकही चालणार नाही, ती मी अशा साधनावर सोपवत नाही जे चुकीचे उत्तरही बरोबर उत्तराइतक्याच आत्मविश्वासाने देते.

संशोधक विद्यार्थी

माझा अनुभव उलट दिशेचा आहे. प्रबंधाचे चौथे प्रकरण लिहायचे होते आणि मी सहा आठवडे त्याची आखणी करत होतो. सकाळी सहायकाशी चर्चा, दुपारी काल काय राहिले त्याची फेरमांडणी, रात्री नव्या पद्धतीने पुन्हा तक्ता. प्रत्येक तक्ता आधीच्यापेक्षा चांगला होता आणि प्रकरण एका पानाच्या पुढे सरकले नव्हते. पूर्वी तक्ता आखायला तासभर लागायचा, त्या कंटाळ्यानेच माणूस लिहायला बसत असे. आता नवा तक्ता अर्ध्या मिनिटात मिळतो, म्हणून चालढकलीलाही काम केल्याचे समाधान मिळू लागले.

दुसरी गोष्ट अशी की सहायक फार लवकर मान्य करतो. "आज जमणार नाही, उद्यावर ढकल" असे सांगितले की तो समजून घेऊन ढकलतो. दहाव्यांदाही तेवढ्याच आपुलकीने ढकलतो. माझ्या मार्गदर्शकांनी तिसऱ्याच वेळी कारण विचारले असते. आता मी त्याला सुरुवातीलाच सांगून ठेवले आहे की एखादे काम दोनदा पुढे ढकलले गेले, तर तिसऱ्यांदा तारीख बदलण्याआधी माझ्याकडून कारण लिहून घ्यायचे. यातही तो कधी कधी विसरतो, कारण संभाषण फार लांबले की आधीच्या सूचनांचा प्रभाव ओसरतो. म्हणून तो नियम मी दर सोमवारी नव्याने देतो. आखणीसाठी दिवसाला दहा मिनिटे, त्याहून अधिक नाही, हा दुसरा नियम मात्र मी स्वतःच पाळतो.

सॉफ्टवेअर क्षेत्रात काम करणारा

थोडक्यात लिहितो. माझ्या बैठका तीन खंडांतील सहकाऱ्यांबरोबर असतात. मार्चमध्ये अमेरिकेतील घड्याळे उन्हाळ्यासाठी दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातात आणि युरोपातील शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे दोन्हींतला फरक एका तासाने बदलतो. सहायकाने याच काळात माझी एक महत्त्वाची बैठक तासभर उशिराची दाखवली होती. वेळेचे रूपांतर कॅलेंडरच्या प्रणालीला करू द्यावे, संभाषणातल्या उत्तरावर विसंबू नये.

कॅलेंडर आणि ईमेल सहायकाला जोडताना मी फक्त वाचण्याची परवानगी देतो. २०२५ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले की कॅलेंडरच्या निमंत्रणात दडवलेल्या सूचनांमुळे गूगलच्या जेमिनी या सहायकाकडून मालकाने न सांगितलेली कृत्ये करवून घेता येतात. त्यानंतर त्यावर बंदोबस्त करण्यात आला, तरी मूळ अडचण अशी आहे की या प्रारूपांना वाचायचा मजकूर आणि पाळायची आज्ञा यांतला भेद खात्रीने करता येत नाही. बदल करायचा असेल तेव्हा सहायक सुचवतो आणि मी स्वतः नोंद करतो. दिवसाला फार तर चार मिनिटे जास्त लागतात.

निवृत्त गृहस्थ

मी तीन महिने प्रामाणिकपणे वापरून पाहिले आणि पुन्हा वहीकडे वळलो. माझ्या दिवसात चार-पाचच कामे असतात. ती हाताने लिहिली की लक्षात राहतात आणि सांगितली की राहत नाहीत. ज्यांच्यामागे कामांचा डोंगर आहे त्यांना याचा उपयोग होत असेल, हे वरील लेखनावरून पटते.

एडीएचडीचे निदान झालेली एक वाचक

एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवणे आणि काम सुरू करणे अवघड करणारी अवस्था. माझी अडचण काय करायचे ही नसते, सुरू कसे करायचे ही असते. "कर विवरण भरणे" अशी ओळ यादीत दिसली की मी ती यादीच बंद करते. सहायकाला मी एवढेच विचारते की याची अशी पहिली पायरी सांग, जी दोन मिनिटांत होईल आणि जिच्यात कोणताही निर्णय घ्यावा लागणार नाही. उत्तर येते : कागदांची फाइल टेबलावर आणून ठेवा. ती आणली की पुढची पायरी विचारायची. शक्य तिथे मी ती पायरी रोजच्या एखाद्या क्षणाला बांधते : सकाळी संगणक सुरू झाला, की आधी ती फाइल उघडायची. मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी १९९९ च्या लेखात "असे घडले, तर मी तसे करीन" या रूपातल्या संकल्पांबद्दल लिहिले आहे. माझ्यासाठी नुसत्या निश्चयापेक्षा हे रूप कितीतरी अधिक चालते.

शुश्रूषा करणाऱ्या ताईंना एक प्रश्न आहे. तुमच्या तीन याद्या वाढत जात नाहीत का? माझ्या तर प्रत्येक यादीचे घोंगडे भिजत पडते, आणि पन्नास ओळी झाल्या की ती उघडण्याचीच भीती वाटते.

ताईंचे उत्तर

वाढतात. म्हणून रविवारी वाटणी करताना सहायक मला प्रत्येक जुन्या कामाबद्दल एकच प्रश्न विचारतो : हे आणखी महिनाभर झाले नाही तर कुणाचे अडेल? कुणाचे नाव सांगता आले नाही, तर ते काम यादीतून निघते. सुरुवातीला मला हे फार जड गेले, विशेषतः स्वतःसाठी ठरवलेली कामे काढताना. मग मी त्याला सांगितले की "माझे अडेल" हेही उत्तर धरायचे. गेल्या रविवारी यादीत एकोणीस कामे उरली, त्यांपैकी तीन माझ्या नावाची होती.