शब्दचर्चा : ‘फाळके पुरस्कृत’, ‘फाळके विजेते’ की ‘फाळके पुरस्काराचे मानकरी’?

मूळ प्रश्न

एका चित्रपटरसिक मंडळाच्या स्मरणिकेचे मुद्रितशोधन सध्या माझ्याकडे आहे. तिच्यात दादासाहेब फाळके पुरस्कारावर एक स्वतंत्र विभाग असून, ज्यांना हा पुरस्कार मिळाला त्यांची छायाचित्रे आणि प्रत्येकाखाली दोन-तीन ओळींचा परिचय अशी त्याची मांडणी आहे. पहिल्याच पानावर देविकाराणींच्या छायाचित्राखाली ‘पहिल्या फाळके पुरस्कृत अभिनेत्री’ अशी ओळ आहे. पुढच्या पानाचा मथळा ‘फाळके विजेते कलावंत’ असा आहे, आणि भालजी पेंढारकरांच्या परिचयात ‘१९९१ साली त्यांनी फाळके पुरस्कार पटकावला’ असे वाक्य आहे. तिन्ही ठिकाणी मी समासात हिरव्या शाईने प्रश्नचिन्ह केले. संपादकांनी त्या प्रश्नचिन्हांखाली ‘चूक काय, ते लिहावे’ एवढाच शेरा मारून मुद्रिते परत पाठवली.

त्यांची मागणी रास्त आहे. कानाला खटकते एवढ्यावर दुसऱ्याचे वाक्य बदलण्याचा अधिकार मुद्रितशोधकाला नाही. ‘पुरस्कृत’ आणि ‘विजेते’ हे शब्द या पुरस्काराच्या संदर्भात मराठीत चालावेत का, आणि चालत नसतील तर का चालू नयेत, यावर जाणकारांनी मत द्यावे.

प्रतिसाद

‘पुरस्कृत’पासून सुरुवात करतो, कारण तिन्ही शब्दांत सर्वांत फसवा तोच आहे. हिंदीत या शब्दाचा अर्थ ‘ज्याला पुरस्कार मिळाला तो’ असा आहे, आणि हिंदी बातम्यांचे मराठी रूपांतर घाईने होते तेव्हा हा शब्द जसाच्या तसा इकडे येतो. मराठीत मात्र त्याला आधीपासूनच वेगळे काम नेमून दिलेले आहे. ‘केंद्रपुरस्कृत योजना’ म्हणजे बक्षीस मिळवलेली योजना नव्हे. केंद्र सरकारने जिला पाठबळ आणि पैसा दिला ती योजना. ग्रामपंचायतीच्या निवडणुका पक्षचिन्हावर होत नाहीत, म्हणून गावोगावच्या फलकांवर ‘अमुक पक्ष पुरस्कृत पॅनेल’ असे लिहिलेले असते, आणि ते वाचून त्या पॅनेलला कुठले तरी पदक मिळाले आहे असा समज कोणाचाही होत नाही. हाच अर्थ मनात धरून ‘फाळके पुरस्कृत अभिनेत्री’ वाचले तर देविकाराणींना फाळक्यांनी उभे केले, त्यांच्या चित्रपटांना भांडवल पुरवले, असा अर्थ निघतो. दोघांची कारकीर्द ठाऊक असलेल्या वाचकाला त्यावर हसू येईल; ज्याला ती ठाऊक नाही त्याच्या डोक्यात एक चुकीची माहिती कायमची घर करील, आणि ते अधिक वाईट.

मूळ धातू पाहिला की दोन्ही अर्थ एकाच घरचे आहेत हे कळते. ‘पुरस्’ म्हणजे पुढे आणि ‘कृ’ म्हणजे करणे, म्हणून ‘पुरस्कार’ म्हणजे एखाद्याला किंवा एखाद्या गोष्टीला पुढे करणे. विचाराला पुढे केले की तो विचाराचा पुरस्कार होतो. याच अर्थाने आपण आगरकरांना बुद्धिप्रामाण्याचे पुरस्कर्ते म्हणतो. माणसाला मानाने पुढे बसवले की तो माणसाचा पुरस्कार होतो. ‘तिरस्कार’ हे याचेच उलटे भावंड आहे, कारण ‘तिरस्’ म्हणजे आड, नजरेबाहेर. मराठीने नाम म्हणून ‘पुरस्कार’ दोन्ही अर्थांनी ठेवला, पण ‘पुरस्कर्ता’ आणि ‘पुरस्कृत’ हे दोन्ही शब्द पाठबळाच्या अर्थाकडे वळवले. व्युत्पत्तीच्या आधारे ‘पुरस्कृत’चे समर्थन करता येईल, नाही असे नाही; परंतु शब्द वापरात जिथे जाऊन बसला आहे तिथून त्याला व्युत्पत्तीची दोरी लावून ओढत आणू नये. ‘पुरस्कारप्राप्त’ हा निर्धोक शब्द आहे, जरी तो थोडा कार्यालयीन वाटत असला तरी.

प्रतिसाद

मी बरीच वर्षे वृत्तपत्राच्या डेस्कवर काढली आहेत, त्यामुळे ‘पटकावला’ या क्रियापदाचे पाप काही अंशी माझ्याही खात्यावर आहे. शालेय वक्तृत्व स्पर्धेपासून ऑलिंपिकपर्यंत सर्व ठिकाणी ते धावून येते, आणि रात्री पान सोडताना हात आपोआप तिकडेच वळतो. स्पर्धेच्या बातमीत त्यात काही वावगे नाही. ‘श्यामची आई’ने १९५४ साली, राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी, राष्ट्रपतींचे सुवर्णपदक पटकावले असे लिहिले तर ते योग्यच आहे, त्या वर्षी इतर चित्रपटही परीक्षकांसमोर होते आणि त्या सर्वांतून हा पहिला आला.

फाळके पुरस्काराची गोष्ट निराळी आहे. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांच्याच सोहळ्यात तो दिला जात असला, तरी त्यासाठी कोणी चित्रपट पाठवत नाही, कोणाशी सामना होत नाही आणि त्यात कोणी हरलेला नसतो. चित्रपटसृष्टीतली काही मान्यवर मंडळी एक नाव सुचवतात आणि सरकार ते जाहीर करते. जिथे हरलेला नाही तिथे ‘विजेता’ कुठून येणार? ‘पुरस्कार जिंकला’ ही इंग्रजीची सावली आहे. मराठी माणूस सामना जिंकतो, पैज जिंकतो, खटलासुद्धा जिंकतो, पण पुरस्कार त्याला मिळतो. भालजींना हा पुरस्कार मिळाला तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडलेली होती. मूकपटांच्या काळापासून काम केलेल्या त्या माणसाने या वयात काही ‘पटकावले’ असे लिहिणे व्याकरणाला चालेलही, पण औचित्याला चालत नाही.

मराठी वृत्तपत्रांनी यासाठी ‘मानकरी’ हा शब्द फार पूर्वीच रूढ केला आहे आणि माझ्या मते तो अतिशय नेमका आहे. ‘मान’ हा मागून किंवा झगडून मिळवायचा नसतो. तो ज्याचा असतो त्याला दिला जातो.

प्रतिसाद

‘मानकरी’बद्दल मला एक शंका आहे. आमच्या गावच्या जत्रेत पालखीला पहिला खांदा देण्याचा मान एका घराण्याकडे, पहिल्या नारळाचा दुसऱ्याकडे आणि पोळ्याला पहिली बैलजोडी वेशीतून नेण्याचा तिसऱ्याकडे आहे. हे मानकरी आजोबापणजोबांपासून ठरलेले आहेत. त्यांनी स्वतः काही कर्तबगारी दाखवली म्हणून त्यांना हा मान मिळालेला नाही, आणि त्यावरून भावकीत झालेली भांडणे कोर्टापर्यंत गेलेली मी पाहिली आहेत. जन्माने मिळणाऱ्या मानाचा शब्द आयुष्यभराच्या कामगिरीसाठी दिल्या जाणाऱ्या पुरस्काराला लावणे कितपत बरोबर?

वरील शंकेस उत्तर

शंका खरी आहे, पण शब्दाचा तो एकच अर्थ नाही. पंढरपूरला आषाढी एकादशीच्या पहाटे मुख्यमंत्र्यांच्या हस्ते शासकीय महापूजा होते, तेव्हा दर्शनाच्या रांगेत उभ्या असलेल्यांतून एका दांपत्याला त्या पूजेत बसवतात. त्यांना ‘मानाचे वारकरी’ म्हणतात. त्यांचे घराणे कोणी विचारत नाही. पायी वारी केलेली, तासन्‌तास रांगेत तिष्ठलेली ती साधी माणसे असतात, आणि रांगेतल्या हजारोंच्या वतीने तो मान त्यांच्या वाट्याला येतो. म्हणजे वतनाचा मान आणि वाटचालीचा मान असे दोन्ही अर्थ मराठीत नांदतात. शिवाय ‘मानकरी’तला ‘करी’ हा ‘वारकरी’ आणि ‘शेतकरी’ यांतलाच प्रत्यय आहे, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

देविकाराणींसाठी ‘पहिल्या मानकरी’ असेच लिहावे. ‘मानकरीण’ हा शब्द आहे, परंतु तो बोलण्यात शोभतो. आदरार्थी अनेकवचनात ‘मानकरी’ हे एकच रूप स्त्री-पुरुष दोघांनाही पुरते आणि ‘ठरल्या’ हे क्रियापद उरलेले काम करते.

प्रतिसाद

मथळ्यातला ‘कलावंत’ही तपासावा. दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १९७० चा पुरस्कार, न्यू थिएटर्सचे बी. एन. सरकार यांना मिळाला, आणि ते निर्माते होते. पुढे नौशाद संगीतकार म्हणून आले, मजरूह सुलतानपुरी गीतकार म्हणून, आणि २००८ चा पुरस्कार व्ही. के. मूर्ती या छायालेखकांना मिळाला. मूर्तींसारखा माणूस कलावंत नव्हता असे कोण म्हणेल? पण निर्मात्याला कलावंत म्हणताना मराठी जीभ अडखळते, हेही खरे. ‘रंगकर्मी’च्या धर्तीवर ‘चित्रकर्मी’ हा शब्द गेल्या काही वर्षांत दिसू लागला आहे. या सर्वांना तो सामावून घेतो. माझा स्वतःचा कल मात्र असा की मथळ्यात नुसते ‘मानकरी’ ठेवावे आणि प्रत्येकाचे काम त्याच्या परिचयात सांगावे.

भालजींच्या वाक्यात क्रियापदाखेरीज आणखी एक चूक आहे, आणि ती विभक्तीची आहे. ‘१९९१ चा पुरस्कार’ आणि ‘१९९१ साली मिळालेला पुरस्कार’ या दोन गोष्टी एक नाहीत. पुरस्कार ज्या वर्षाच्या नावाने असतो त्याच्या पुढच्या वर्षी, आणि कधी कधी दोन वर्षांनीही, तो हाती पडतो. रजनीकांत यांचा पुरस्कार २०१९ चा आहे, पण तो जाहीर झाला १ एप्रिल २०२१ रोजी आणि प्रदान झाला त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये. आशा पारेख यांना २०२० चा पुरस्कार ३० सप्टेंबर २०२२ रोजी मिळाला. ‘चा’ प्रत्यय लावला की हा सगळा घोळ टळतो. ‘साली’ किंवा ‘मध्ये’ लिहिले की तारीख तपासणे भाग पडते. ‘जाहीर’ आणि ‘प्रदान’ हे शब्दही असेच अदलाबदल करण्याजोगे नाहीत.

राज कपूर यांच्या बाबतीत या फरकाला फार अर्थ आहे. त्यांचा पुरस्कार १९८७ चा होता आणि सोहळा होता २ मे १९८८ रोजी, दिल्लीच्या सिरी फोर्ट सभागृहात. तिथे त्यांना दम्याचा तीव्र झटका आला आणि व्यासपीठापर्यंत जाणे त्यांना शक्य होईना. तेव्हा राष्ट्रपती आर. वेंकटरमण स्वतः व्यासपीठावरून खाली उतरून त्यांच्यापाशी गेले आणि त्यांनी तिथेच पुरस्कार त्यांच्या हाती दिला. सभागृहातून त्यांना रुग्णालयात नेण्यात आले, आणि बरोबर एका महिन्याने, २ जून रोजी, त्यांचे निधन झाले. ‘पुरस्कार’ म्हणजे पुढे करणे हा अर्थ वर आलाच आहे. इथे तर देणाराच पुढे आला. हा पुरस्कार मरणोत्तर नव्हता, हे स्मरणिकेत नीट नोंदवावे, कारण वर्षांचा हिशेब चुकवून तो मरणोत्तर ठरवणारे लेखन माझ्या पाहण्यात आले आहे. पृथ्वीराज कपूर यांचा १९७१ चा आणि विनोद खन्ना यांचा २०१७ चा, हे मात्र मरणोत्तर होते. आणि तिथे ‘मरणोत्तर’च लिहावे, ‘मरणोपरांत’ हे हिंदीचे रूप आहे.

प्रतिसाद

दोन लहान गोष्टी. या पुरस्काराला ‘जीवनगौरव’ म्हणण्याची पद्धत पडली आहे. भावार्थाने ते बरोबर असले तरी तो शब्द त्याच्या नावात नाही. तो आहे महाराष्ट्र शासनाच्या ‘चित्रपती व्ही. शांताराम जीवनगौरव पुरस्कारा’च्या नावात. शांतारामबापूंना स्वतःला १९८५ चा फाळके पुरस्कार मिळालेला असल्यामुळे दोन्ही नावे एकाच परिच्छेदात येण्याची शक्यता आहे आणि तिथे गोंधळ होईल. तसेच नुसते ‘फाळके पुरस्कार’ लिहून भागत नाही, कारण दादासाहेबांच्या नावाने पुरस्कार वाटणाऱ्या खासगी संस्थाही आहेत. निदान पहिल्या उल्लेखात ‘केंद्र सरकारचा’ एवढे तरी असावे.

‘उल्लेखनीय योगदान’ हा शब्दप्रयोग त्या पानांवर असणारच, अशी पैज लावतो. ‘उल्लेखनीय’ म्हणजे ज्याचा उल्लेख करता येईल इतपत. आशा भोसले यांचे गाणे उल्लेख करता येईल इतपत होते काय? ‘भरीव कामगिरी’ हा आपला जुना शब्दप्रयोग आहे, आणि ‘पोकळ’चा विरुद्धार्थी असल्यामुळे त्याला वजन आहे.

मूळ प्रश्नकर्त्याकडून

सर्वांचा आभारी आहे. ‘उल्लेखनीय योगदान’ मोजून सात ठिकाणी निघाले. पैकी पाच ठिकाणी काहीही न घालता ते नुसते काढून टाकले, तरी वाक्याचे काही बिघडले नाही. पुरस्काराच्या रकमेच्या चौकटीत ‘बक्षिसाची रक्कम’ असे होते, तेही बदलले आहे. देविकाराणींच्या वेळी ती ११ हजार रुपये होती आणि पुढे वाढत दहा लाखांवर गेली. पण सुवर्णकमळ आणि शाल यांच्या शेजारी ‘बक्षीस’ हा शब्द लग्नघरातल्या वाजंत्र्यांची बिदागी दिल्यासारखा दिसत होता.

पाठवलेल्या ओळी अशा आहेत. मथळा : ‘दादासाहेब फाळके पुरस्काराचे मानकरी’. देविकाराणींच्या छायाचित्राखाली : ‘केंद्र सरकारच्या दादासाहेब फाळके पुरस्काराच्या पहिल्या मानकरी (१९६९ चा पुरस्कार)’. भालजींच्या परिचयात : ‘१९९१ च्या दादासाहेब फाळके पुरस्काराने त्यांचा गौरव करण्यात आला’. संपादकांनी पहिल्या दोन जशाच्या तशा स्वीकारल्या. तिसरीत त्यांनी ‘करण्यात आला’ खोडून ‘झाला’ केले आहे, आणि त्यांचे बरोबर आहे.