ड्रिल मशीन मागून नेतात, परत मागायचं कसं?

कळंबा_रिंगरोड:
नमस्कार मंडळी, विषय तसा बारका आहे पण महिनाभर डोक्यात बसलाय म्हणून लिहितोय. कोल्हापुरात कळंब्याकडं बारक्या बंगल्यांची कॉलनी आहे आमची. दोन वर्षांपूर्वी घरात फर्निचरचं काम चाललेलं तेव्हा एक चांगलं हॅमर ड्रिल घेतलं, मग हात शिवशिवतातच, चार इंची ग्राइंडर आला, पान्यांचा सेट आला, ॲल्युमिनियमची घडीची शिडी आली. तेव्हापासून कॉलनीचं हार्डवेअर दुकान मीच, फक्त गल्ला तेवढा नाही.

मागच्या महिन्यात समोरच्या दादांनी टीव्हीचा स्टँड मारायला ड्रिल नेलं. दहा मिनिटात देतो म्हणाले, आलं अकराव्या दिवशी. मधे ते गडहिंग्लजला त्यांच्या मेव्हण्याकडं जाऊन आलं हे मला वहिनींच्या बोलण्यातनं कळलं. परत आलं तेव्हा चकची (बिट आवळायची) चावी नाही, सहा एमएमचं भोक पाडायचं बिट नाही आणि चालू केलं तर करपल्याचा वास. दादा म्हणतात, 'नेलं तेव्हापासूनच जरा आवाज करत होतं बघ.' आता काय बोलायचं? माझ्या आईला रात्री दोन वाजता दवाखान्यात ह्याच माणसानं नेलेलं. ड्रिलपायी तोंड वाकडं करायचं नाही पण मनात राहतं ते राहतंच.

त्यात आता कॉलनीच्या ग्रुपवर एकानं टाकलंय की सगळ्यांनी आपापली हत्यारं एकत्र करूया, ज्याला लागेल त्यानं न्यायची. आणि परवा पलीकडच्या गल्लीतनं एकजण आला, ओळख ना पाळख, 'तुमच्याकडं शिडी मिळते म्हणे.' मिळते म्हणे! तर सांगा, द्यायचं का नाही, अनोळखी माणसाला द्यायचं का, आणि दिलेलं तोंड न वाकडं करता परत मागायचं कसं?

उद्यमनगर_फिटर:
भावा आधी मशीन मेलंय का नुसतं आजारी आहे ते बघ. ठिणग्या जास्त उडत असतील, थांबून थांबून चालत असेल तर बहुतेक कार्बन ब्रश (मोटरला करंट पोचवणारे तुकडे) संपलेत, किरकोळ खर्च. पण करपल्याचा वास म्हणतोयस म्हणजे आर्मेचर, म्हणजे मोटरचा आतला फिरणारा भाग, गेलं असणार, ते रिवाइंडिंगला (तार नव्यानं गुंडाळायला) दे नाहीतर नवीन टाक. मेव्हण्यानं काय केलं असेल ते न बघता सांगतो. बीममध्ये भोक मारायला गेला, आत सळी लागली, मशीन पुढं जाईना म्हणून अंगाचं सगळं वजन टाकलं, वर हॅमरचं बटण ड्रिलवरच राहिलेलं आणि करंट आणला असेल बारीक वायरीच्या लांबड्या बोर्डावरनं. आमच्याकडं दुरुस्तीला येणारी निम्मी मशीनं असल्याच कारणानं येतात.

माझा नियम ऐक. हाताचं हत्यार कुणालाही देतो, पहार, टिकाव, खोरं, पाइप पाना, घेऊन जा म्हणतो, त्याला काय होतंय. ड्रिल देतो पण बिट देत नाही, बिट ज्याचं त्यानं आणायचं, वीस-तीस रुपयांची वस्तू आणि त्यावरनंच निम्मी भांडणं. ग्राइंडर मात्र सख्ख्या भावाला पण देत नाही. चार इंची मशीन मिनिटाला अकरा हजार फेऱ्यांच्या आसपास फिरतं. लोकं काय करतात, गार्ड काढतात आणि पाच इंची चाक बसवतात, त्या चाकावर किती आरपीएमपर्यंत (मिनिटाला किती फेऱ्या) चालतं ते छापलेलं असतं, कोण वाचतंय? नाहीतर लाकूड कापायचं दात्यांचं पातं लावतात. चाकावर तारीख पण असते हे किती जणांना माहीत आहे? ओलाव्यात पडलेलं जुनं चाक फुटलं की तुकडा कुठं जाईल सांगता येत नाही. मशीन जळलं तर पैशात भागतं, डोळा गेला तर? ज्याला ग्राइंडर पाहिजे त्याला मी म्हणतो काम घेऊन ये, मी कापून देतो, चहा पाज.

आणि शिडी देताना वर विजेच्या तारा आहेत का विचारत जा, ॲल्युमिनियमची आहे ती.

साधा_वाचक:
+१ ग्राइंडरला. आमच्या शेजाऱ्यांनी माझा नेऊन फरशी कापली, धूळ आत जाऊन आता तो दमेकऱ्यासारखा आवाज करतोय.

कागलकर_काकू:
मी गावाकडची, तर तिकडचं सांगते. आमच्याकडं पैरा चालायचा, अजून थोडाफार चालतो. ज्याच्याकडं एकच बैल तो दुसऱ्या एकबैलवाल्याशी पैरा करायचा, दोन दिवस तुझ्या रानात, दोन दिवस माझ्या. माणसांचा पण पैरा, आज माझी भांगलण (तण काढणं), उद्या तुझी. लिहून कोण ठेवत नव्हतं पण पैरा फेडला नाही तर पुढच्या हंगामाला त्याच्या रानात कोण पाय टाकत नसे, अख्ख्या गावाला ठाऊक असायचं. तुमच्या कॉलनीत अडचण ही आहे की देणारे तुम्ही एकटे. त्या समोरच्या दादांकडनं तुम्ही कधी काय मागून आणलंय का? आणत जा. त्यांच्याकडं कढई असेल, गाडीचा जॅक असेल, कायतरी असेलच की. एकाच बाजूनं वस्तू जायला लागली की नेणाऱ्यालाही ती उपकारासारखी टोचते, मग तो परत द्यायला तोंड चुकवतो. आणि आईला दवाखान्यात नेलेलं तुम्हीच लिहिलंय, तो पैराच झाला की.

दुसरं, आपण बायका वाटी जरी शेजारी दिली तरी तिच्यावर नाव घातलेलं असतं. लग्नात आलेल्या पातेल्यावर सुद्धा तारखेसकट. मशीनवर नाव का घालत नाही तुम्ही लोक?

उद्यमनगर_फिटर:
काकू नाद खुळा. भांडी कोरायच्या पेननं मशीनच्या लोखंडी भागावर नाव घालून मिळतं, प्लॅस्टिकवर मार्कर टिकत नाही, ऑईलच्या हातानं पुसतो.

वकिलीण_राजारामपुरी:
थोडं कायद्याचं, कंटाळा आला तर पुढं जा. वापरायला दिलेली वस्तू म्हणजे बेलमेंट, मराठीत निक्षेप, आणि हे सगळं १८७२च्या भारतीय करार कायद्यात कलम १४८ पासून पुढं आहे. फुकट दिली तरी कायदा लागू होतो. नेणाऱ्यानं ती वस्तू साधारण शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घेऊन वापरायची (१५१). तेवढी काळजी घेऊनही बिघडली तर सहसा त्याच्यावर येत नाही.

पण मेव्हण्याच्या मुद्द्यावर कायदा अगदी तुमच्या कॉलनीत येऊन बसलाय. कलम १५४ खालचं उदाहरण असं आहे की एकानं दुसऱ्याला फक्त त्याच्या स्वतःच्या बसण्यासाठी घोडा दिला, त्यानं तो घरातल्या माणसाला बसायला दिला, तो माणूस जपून चालवत होता तरी घोडा पडून जखमी झाला, तर भरपाई घोडा नेणाऱ्यानं द्यायची. दीडशे वर्षांपूर्वी सुद्धा नेलेली वस्तू पुढं पाव्हण्याला देणारे होते म्हणजे! फक्त 'तुम्हीच वापरा' ही अट देताना बोललेली पाहिजे. ग्रुपवर एक मेसेज टाकला तरी पुरे.

उलट बाजू पण आहे. मशीनमध्ये दोष आहे, उदाहरणार्थ वायर उघडी आहे, हे तुम्हाला माहीत असून न सांगता दिलं आणि नेणाऱ्याला शॉक बसला तर जबाबदारी तुमच्यावर येते (१५०). आणि फुकट दिलेली वस्तू ठरलेल्या मुदतीआधीही परत मागता येते (१५९), मात्र त्याचं काम अर्ध्यात अडकून त्याला फायद्यापेक्षा जास्त नुकसान होत असेल तर ते तुम्ही भरून द्यायचं. म्हणजे स्लॅबवर चढलेल्या माणसाची शिडी मागू नका. कोर्टात जा असं मी म्हणत नाहीये, ड्रिलपायी कुणी जाऊही नये, माझी फीच ड्रिलपेक्षा जास्त होईल.

शाहूपुरी_पूररेषा:
अनोळखी माणसाला द्यावं का विचारलंय तर मी अनोळखी माणसाकडनं घेतलेलं सांगतो. ऑगस्ट २०१९. आमच्याकडं पंचगंगेचं पाणी पंचांगासारखं बघतात, राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, त्या वर्षी धोक्याच्या कितीतरी वर गेलं. पाणी उतरल्यावर घरात गुडघाभर चिखल आणि लाईट नाही. चिखलाचं कसं असतं, ओला आहे तोवर काढला तर निघतो, वाळला की फरशीला सिमेंटसारखा धरतो, म्हणजे हातात दोन-तीन दिवसच. चौकात एकजण पेट्रोलवरचा पंप टेम्पोतनं उतरवत होता, त्याचं स्वतःचं दुकान धुवून झालेलं. मी नुसतं बघत उभा होतो, मागितला पण नव्हता. तो म्हणाला 'पायजे काय? न्या की.' नंबर लिहून घेतला, नाव पण विचारलं नाही.

तो पंप आमच्या गल्लीत सतरा घरं फिरला. पेट्रोल ज्याचं त्यानं घालायचं, बस. पाचव्या दिवशी परत द्यायला गेलो तर फूटव्हॉल्व्हची (पाणी ओढायच्या पाइपच्या तोंडाची) जाळी तुटलेली, आम्ही सगळ्यांनी मिळून नवीन बसवून, ऑईल बदलून, वर एक किलो कंदी पेढे घेऊन गेलो. पेढे त्यानं तिथंच टेम्पोवाल्यांना वाटले. २०२१ला परत पाणी आलं तेव्हा तोच पंप परत आमच्याकडं, ह्यावेळी फोन आम्ही केला नाही, त्यानंच केला.

म्हणजे सरसकट द्या असं नाही. पूर सोडून एरवी तोच माणूस देईल का, माहीत नाही बुवा. एरवी माझ्याकडनं शेजाऱ्यांनी नेलेली लेव्हल ट्यूब (पातळी बघायची पाण्याची नळी) चार वर्षं झाली आलेली नाही.

पुण्यातला_कोल्हापुरी:
एकत्र करायची कल्पना नवीन नाही. अमेरिकेत बर्कलीला सार्वजनिक लायब्ररीच १९७९ पासून हत्यारं घरी देते, पुस्तकासारखी कार्डावर, उशीर झाला की दंड. आपल्याकडं करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून पुस्तकं देतंय, अनामत, नोंद, परतीची तारीख हे सगळं आपल्याला पाठ आहे. कॉलनीत एक लोखंडी कपाट, एक वही, झालं.

उद्यमनगर_फिटर:
वही ठीक आहे पण मशीन कोण बघणार? पुस्तकाचं पान फाटलं तर दिसतं, ब्रश झिजलेले दिसत नाहीत. सगळ्यांचं म्हणजे कुणाचंच नाही. एक माणूस जबाबदार पाहिजे, परत आलेलं मशीन नेणाऱ्याच्या समोर चालवून बघणारा. नाहीतर सरळ भाड्यानं आणा, ब्रेकर, चिपिंग मशीन, स्कॅफोल्डिंग सगळं मिळतं, डिपॉझिट ठेवा, काम करा, परत द्या, कुणाचे उपकार नाहीत. वर्षातनं एकदा लागणाऱ्या वस्तूला तेच बरं.

गंगावेस_तालीम:
आमच्या मंडळाकडं लग्नाकार्याची भांडी आहेत, मोठी पातेली, झारे, चुली. प्रत्येकावर नंबर. न्यायला येणाऱ्यानं स्वतः मोजून न्यायची आणि परत देताना घासून, मोजणाऱ्या म्हाताऱ्यासमोर मांडायची. तो म्हातारा आहे म्हणून चालतंय, बाकी नियम काय खास नाहीत.

पण परत मागायचं कसं ह्याला माझ्या वडिलांकडं औषध होतं ते सांगतो. ते सुतार. वर्षभर कोण काय नेतंय बघायचे नाहीत. नवरात्र बसलं की गल्लीत एकच वाक्य सोडायचे, 'खंडेनवमीला सगळी हत्यारं पूजेला घरात पायजेत.' झालं. करवत, रंधा, पटाशी, गिरमिट, आठ दिवसात सगळं दारात. कुणाला तुझ्याकडं माझं अमुक आहे म्हणायची गरज नाही, वाईटपणा नाही, देवाच्या नावावर मागितलेलं. नेणाऱ्याला पण लाज नाही, विसरलो होतो म्हणायला मोकळा. पूजेला हत्यार नाही म्हणजे मालकाच्या पोटावर पाय, हे सगळ्यांना कळतं. एकदा एकानं बोथट पटाशी आणून दिली तर वडील म्हणाले, 'देवापुढं अशी ठेवू?' तो गप उचलून धार लावून घेऊन आला.

कळंबा_रिंगरोड:
मंडळी लई आभार. आर्मेचरच गेलेलं, फिटरभाऊंनी न बघता बरोबर सांगितलं. दादांना पैशाचं बोललो नाही, पण काकूंचं ऐकून त्यांचा जॅक मागून आणला, आणताना ते स्वतःच म्हणाले 'ते ड्रिलचं काय झालं रे', मग दुकानात दोघं मिळून गेलो, निम्मे त्यांनी दिले. मी नको म्हणालो, पण फार जोरात नाही म्हणालो.

कपाटाचं कॉलनीत ठरेना, चावी कुणाकडं ह्यावरच दोन मीटिंग झाल्या. ग्राइंडर बंद. तालीमवाल्यांचं वाक्य मात्र जसंच्या तसं ग्रुपवर टाकलं. चार दिवसात शिडी आली, चौदा-पंधरा नंबरचा सोडून सगळे रिंग पाने आले, चकची चावी गडहिंग्लजहून एस.टी.नं येतीय म्हणे. आणि पूजेसाठी माळा झाडताना माझ्याच सामानात एक पाइप पाना सापडला, माझा नाही, दांड्यावर 'रा. भि.' कोरलंय. बायको म्हणतीय घर बांधताना मीच कुणाकडनं तरी आणलेला. कॉलनीत रा. भि. कोण नाही. कळंबा-साळोखेनगर भागात कुणाचा असेल तर सांगा, नवमीच्या आत आणून देतो.