पुन्हा ३८४! संशोधन पद्धतीच्या कार्यशाळा बंद कराव्यात का?

कोरा_कागद (धागाकर्ता)

गेल्या पंधरवड्यात दोन प्रबंध आणि एक प्रकल्प अहवाल तपासला. एक समाजशास्त्राचा, एक वाणिज्यचा, एक ग्रंथालयशास्त्राचा. जिल्हे वेगळे, विषय वेगळे, पण नमुना (म्हणजे किती जणांना विचारलं तो आकडा) तिघांचाही ३८४. एकाला तोंडी परीक्षेत विचारलं, ३८४ च का हो? म्हणाला, "सर, कार्यशाळेत तक्ता दिला होता."

तो तक्ता क्रेजसी आणि मॉर्गन यांचा, १९७० चा. लोकसंख्या १,००० असेल तर नमुना २७८, दहा लाख असेल तर ३८४. गणित दोन ओळींचं आहे: ९५ टक्के विश्वासपातळी, ५ टक्के चुकीची मुभा, आणि निम्मे हो म्हणतील, निम्मे नाही असं धरलं की ३८४ च्या आसपास आकडा येतो. पण हे सगळं यादृच्छिक निवडीसाठी. म्हणजे आधी यादी हवी, आणि यादीतल्या प्रत्येकाला निवडलं जायची सारखी संधी हवी. आपल्याकडे काय होतं? गूगल फॉर्म कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडतो, ३८४ जणांनी भरला की बंद. आणि प्रकरण तिसऱ्यात लिहायचं, "नमुना प्रातिनिधिक आहे."

हे शिकतात कुठे, तर सात किंवा दहा दिवसांच्या कार्यशाळेत. पहिल्या दिवशी दीपप्रज्वलन, शाल, रोपटं, कुलगुरूंची वाट बघणं, साडेबारा वाजतात. दुसऱ्या दिवशी गृहीतकृत्याचे (म्हणजे तपासून बघायच्या अंदाजाचे) प्रकार. मग "लायकर्ट" मापनश्रेणी, ती सहमत-असहमतवाली (त्या माणसाच्या नावाचा उच्चार लिकर्ट आहे, पण जाऊ द्या). मग एसपीएसएस या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरची बटणं. शेवटी फोटो, प्रमाणपत्र, ते प्रमाणपत्र कॅसच्या, म्हणजे पदोन्नतीच्या, फायलीत. माझं म्हणणं साधं आहे. हे बंद करा आणि तोच पैसा संशोधकाला एसटीच्या तिकिटाला आणि मुक्कामाला द्या.

बसथांबा

सर, मी तुमचं लिखाण नेहमी वाचते, पण या वेळी राहवत नाही म्हणून लिहिते.

माझी नोंदणी झाली तेव्हा गाईड म्हणाले, "प्रश्नावली तयार करा, भरून आणा, मग बघू." बस, एवढंच. विद्यापीठ माझ्या गावापासून चार तास. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात संशोधन पद्धतीची पुस्तकं तीन, तिन्ही परीक्षेच्या गाईडसारखी. २००९ च्या यूजीसी नियमांपासून कोर्सवर्क सक्तीचं आहे म्हणतात. आमचं कोर्सवर्क म्हणजे चार रविवार आणि एक झेरॉक्स.

विषय ऊसतोड कामगार महिला. ४२ प्रश्नांची अनुसूची घेऊन मी दहा दिवसांच्या एका कोर्सला गेले. सहाव्या दिवशी एक निवृत्त प्राध्यापिका आम्हाला जवळच्या तळावर घेऊन गेल्या. कोप्यांच्या मध्ये चूल पेटलेली, एक बाई भाकरी थापत होती. मॅडम मला म्हणाल्या, "वाचा तुमचा सातवा प्रश्न."

मी वाचला: "आपले मासिक उत्पन्न किती? ५,००० पर्यंत, ५,००० ते १०,०००, १०,००० च्या वर."

बाईने आधी मॅडमकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "महिन्याचं कसं सांगू? उचल घेतलीय की कोयत्यावर. ती फिटली तर मिळकत, न्हाई तर पुढच्या साली परत हायेच."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती जोडीला, हंगामाच्या आधी. त्यात "तिचं" किती, "महिन्याचं" किती, हे हिशेबातच नाही. माझा सातवा प्रश्न मुळातच खोटा होता, आणि त्याच्यावर उभे राहिलेले पुढचे सहा प्रश्नही. त्या संध्याकाळी मी १७ प्रश्न खोडले. त्या कार्यशाळेशिवाय मी ते ४२ च्या ४२ भरून आणले असते, आणि तुमच्यासारख्या कुणीतरी ते तपासले असते.

कोरा_कागद

ताई, हा अनुभव सोन्यासारखा आहे, आणि तो माझ्याच बाजूचा आहे. तुम्हाला शिकवलं त्या तळाने. दहा दिवसांतली एक दुपार कामाची. बाकीचे साडेनऊ दिवस काय केलंत ते सांगा.

बसथांबा

साडेनऊ दिवसांत बरंचसं झोपेवर गेलं, मान्य. पण ती दुपार मला एसटीच्या तिकिटाने मिळाली नसती. तळ आमच्या गावाबाहेरही पडतो, लहानपणापासून बघते आहे. "वाचा सातवा प्रश्न" म्हणणारं माणूस नव्हतं.

मोजपट्टी

मी संख्याशास्त्र शिकवतो आणि अशा कार्यशाळांना "साधनव्यक्ती" म्हणून जातो, त्यामुळे आरोपीच्या पिंजऱ्यातून बोलतोय.

३८४ वर हसणं सोपं आहे. पण मला एका सत्रात तीन तास मिळतात, समोर ६० जण, इतिहास ते शारीरिक शिक्षण. त्यातल्या निम्म्यांनी दहावीनंतर गणित सोडलेलं. मी त्यांना सांगतो की गावं निवडून मग त्यातली घरं निवडली तर एकाच गावातली माणसं एकमेकांसारखी असतात, त्यामुळे तोच नेमकेपणा हवा असेल तर नमुना कदाचित दुप्पट लागेल. ३८४ चे ७६८. हे ऐकल्यावर पहिला प्रश्न काय येतो माहितीये? "सर, ७६८ ला संदर्भ कुठला द्यायचा?"

अल्फाचं तेच. क्रॉनबाखने १९५१ मध्ये मांडलेलं ते माप एवढंच सांगतं की तुमचे प्रश्न एकमेकांबरोबर चालतात. बरोबर दिशेने चालतात का, हे ते सांगत नाही. मागे एका मुलीचा अल्फा उणे आला. रडवेली झाली होती. आकडे बघितले तर दोन प्रश्न नकारार्थी, "मला कामाचा कंटाळा येतो" वगैरे, आणि त्यांचे गुण उलटे करायचे राहिलेले. पाच मिनिटांचं काम. तिने त्याआधी चार महिने घालवले होते, आणि कुणीतरी तिला १,५०० रुपयांत "डेटा ॲनालिसिस करून देतो" म्हणालं होतं.

हा पाच मिनिटांचा माणूस जिल्ह्याच्या गावी नसतो. म्हणून प्रशिक्षण कमी करू नका, वाढवा. आणि एसपीएसएसचा हट्ट सोडा. आर, जामोवी ही सॉफ्टवेअरं फुकट आहेत. चोरीच्या प्रतीवर "संशोधन नीतिमत्ता" शिकवण्यात काय मजा येते कुणास ठाऊक. (२०१९ पासून पीएचडीच्या कोर्सवर्कमध्ये नीतिमत्तेचा दोन श्रेयांकांचा पेपर सक्तीचा आहे, आठवण म्हणून.)

जुनी_वही

सगळे आकड्यांतच अडकलेत. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास १९४८ मध्ये म्हैसूरजवळच्या रामपुऱ्यात जाऊन राहिले. कुठला अल्फा काढला होता? १९७० मध्ये स्टॅनफर्डला ते काम करत होते त्या केंद्राला आग लावली गेली, त्यांची टिपणं जळाली, तरी त्यांनी नुसत्या आठवणीवर पुस्तक लिहिलं आणि ते आजही वाचलं जातं. आपल्या मानवशास्त्रज्ञ इरावतीबाई कर्वे महाराष्ट्रभर, देशभर फिरल्या. त्यांनी कुठल्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र घेतलं होतं? नजर हवी. नजर शिकवता येत नाही.

मोजपट्टी

इरावतीबाईंचं उदाहरण तुमच्या अंगावर येईल. त्या बर्लिनला जाऊन मानवशास्त्रात डॉक्टरेट घेऊन आल्या होत्या, तिथे कवट्या मोजत होत्या. आणि श्रीनिवास मुंबईत समाजशास्त्राचे प्राध्यापक घुर्ये यांच्याकडे आणि मग ऑक्सफर्डला शिकले. म्हणजे आपण ज्याला नजर म्हणतो, ती दोन-दोन ठिकाणी घासून घेतलेली होती.

बसथांबा

जुनी वही, रामपुऱ्यात श्रीनिवास कित्येक महिने राहिले. मला वर्षाला किरकोळ रजा ८ आणि आठवड्याला १६ तास. दिवाळीत पेपर तपासणी, मे महिन्यात निवडणूक नाही तर प्रवेश. तुम्ही मला रजा द्या, मी नजर आणते.

अर्धी_पीएचडी

रजेवरून आठवलं. मी तासिका तत्त्वावर. सीएचबी. सात दिवस कार्यशाळेला गेलो की सात दिवसांचे तास बुडाले, म्हणजे पैसे बुडाले. वर नोंदणी शुल्क. कायम प्राध्यापकाला कर्तव्य रजा, टीए-डीए आणि पदोन्नतीला उपयोग. मला त्यातलं काहीच नाही. मग हॉलमध्ये बसतं कोण? ज्याचं संशोधन दहा वर्षांपूर्वी संपलं तो. ज्याचं चालू आहे तो बाहेर.

बंद करा की वाढवा हे तुम्ही ठरवा. मला आधी आत घ्या.

कोरा_कागद

हे माझ्या डोक्यात नव्हतं. मी खर्च कुठून काढायचा ते बोलत होतो, बसतं कोण हे बघितलंच नाही.

सतरंजी

दोन कार्यशाळा स्वतः भरवल्यात, म्हणून आतली गोष्ट सांगतो. वेळापत्रक आम्ही विषय बघून लावत नाही, माणसं बघून लावतो. अमुक सर मंगळवारी मोकळे, त्यांना फक्त गृहीतकृत्य येतं, म्हणून मंगळवारी गृहीतकृत्य. बुधवारच्या बाई त्यांचं झालेलं ऐकत नाहीत, त्याही गृहीतकृत्यापासून सुरू करतात. तिसऱ्या दिवशी गुरुवारच्या सरांनीही तेच काढलं तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी "शून्य गृहीतकृत्य!" असं ओरडलं. समारोपात प्रमुख पाहुण्यांनी त्याचंच कौतुक केलं, की बघा, किती आत्मसात केलंय.

क्षेत्रभेट ठेवली तर बस, जेवण, परवानगी, कुणी पडलं-झडलं तर जबाबदारी. हॉलमध्ये प्रोजेक्टर लावला की काम भागतं. अहवालाला फोटो दोन्हीचे सारखेच.

जाता जाता: यातला बराच पैसा आयसीएसएसआर, म्हणजे भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद, देते. १९६९ ची संस्था. तिचे पहिले अध्यक्ष आपले धनंजयराव गाडगीळ, ज्यांनी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत बसून अख्ख्या पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. गाडगीळांची माणसं घरोघर गेली होती, व्हॉट्सॲप ग्रुपवर नाही.

जुनी_वही

म्हणजे शेवटी माझंच म्हणणं आलं ना, घरोघर जा.

मोजपट्टी

घरोघर जा, पण कुठल्या घरी हे आधी ठरवून जा. नाही तर ज्या घरी चहा मिळतो तीच घरं नमुन्यात येतात. 🙂

कोरा_कागद

आता खरं सांगतो. पुढच्या महिन्यात अशाच एका कार्यशाळेत मला बोलावलंय. विषय नमुना निवड, वेळ दीड तास, ५४ जण. नाही म्हणणार होतो. बसथांबाताईंचा सातवा प्रश्न वाचल्यावर हो कळवलं. दीड तासात काय करू?

बसथांबा

प्रोजेक्टर बंद. सगळ्यांना स्वतःची प्रश्नावली घेऊन यायला सांगा आणि शेजाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायला लावा. शेजाऱ्याने उत्तर प्रामाणिकपणे द्यायचं, हो-ला-हो नाही.

मोजपट्टी

नमुना निवड आहे, तर एसटी स्टँडवर न्या. सांगा, "या स्टँडवरच्या प्रवाशांतून यादृच्छिक १० निवडा." यादी कुठे आहे हा प्रश्न त्यांचा त्यांनाच पडेल. कुणी म्हणेल गाडीतून उतरणारा प्रत्येक पाचवा, कुणी फलाट वाटून घेईल. तक्ता तेव्हा खिशातून काढू द्या.

अर्धी_पीएचडी

आणि सर, ५४ मध्ये सीएचबीवाले किती ते आयोजकांना आधीच विचारा. स्टँडवर मी येईन, नोंदणी न करता. स्टँडला शुल्क नसतं.

सतरंजी

स्टँडवर नेणार असाल तर हजेरीपट आधी भरून घ्या. तिथून दीड तासात सगळे परत येतील हे गृहीतकृत्य मी दोनदा तपासलंय.