आयर्लंडमधील हॅलोविन : आपापले अनुभव

३१ ऑक्टोबर जवळ आला की 'हे अमेरिकन खूळ आता सगळीकडे पसरले' असा सूर आपल्या मंडळींत हमखास उमटतो. आयर्लंडमध्ये राहणाऱ्याला त्यातली गंमत कळते, कारण हा सण मुळात इथून अमेरिकेत गेला, दुष्काळाने देशोधडीला लागलेल्या माणसांबरोबर बोटीत बसून, आणि परत आला तो भोपळ्याचा कंदील घेऊन. आयरिश भाषेत नोव्हेंबरचेच नाव 'साविन' असून त्याच्या आदल्या रात्री सुगीचे दिवस संपतात व वर्षाचा काळोखा भाग सुरू होतो, अशी जुनी समजूत आहे. या बेटावर राहिलेल्या मराठी मंडळींनी स्वतः पाहिलेले, केलेले आणि खाल्लेले इथे लिहावे, ही विनंती. सुरुवात मी करते.

डब्लिन

२०२४ साली ३१ ऑक्टोबरला नरक चतुर्दशी होती. पहाटे उटणे लावून अभ्यंगस्नान झाले आणि संध्याकाळी पाचच्या आत सूर्य मावळताच दारावर भुते आली. सोंगे घेऊन दारोदार खाऊ मागणारी इथली मुले पूर्वी 'हेल्प द हॅलोविन पार्टी' असे म्हणत, आता बहुतेक जण 'ट्रिक ऑर ट्रीट' हे अमेरिकन वाक्यच म्हणतात. शेजारच्या आजी मात्र अजूनही मुलांच्या पिशव्यांत सालासकट भुईमुगाच्या शेंगा आणि संत्री टाकतात, आणि मुलांची तोंडे उतरलेली पाहून मनापासून हसतात. अनोळखी मुलांना घरचे खायला देणे ॲलर्जीच्या धास्तीने इथे कोणी करत नाही, म्हणून मुलांना वेष्टनातली चॉकलेटे दिली आणि फाटकापाशी कुडकुडत उभ्या असलेल्या त्यांच्या आईवडिलांपुढे चकल्यांचा डबा धरला. डबा रिकामाच परत आला.

कॉर्क

आमच्याकडे या सणाची ओळख 'बार्मब्रॅक'ने झाली. मनुका व बेदाणे कोऱ्या गार चहात रात्रभर भिजत घालून सकाळी त्यात मैदा, साखर, अंडे आणि मसाला मिसळून भाजलेला हा गोडसर पाव असतो. जुन्या रीतीप्रमाणे त्यात वस्तू दडवतात : अंगठी मिळाली तर वर्षाच्या आत लग्न, नाणे मिळाले तर पैसा, चिंधी म्हणजे दारिद्र्य, काटकी म्हणजे दुःखाचा संसार, आणि वाटाणा म्हणजे यंदा लग्नाचे नाव नको. दुकानातल्या ब्रॅकमध्ये आता फक्त अंगठी उरली आहे. पहिल्याच वर्षी ती आली भारतातून राहायला आलेल्या आमच्या अडुसष्ट वर्षांच्या सासूबाईंच्या दाताखाली. अर्थ सांगितल्यावर सासऱ्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवून एवढेच विचारले, "कोणाशी?"

जेवायला 'कोलकॅनन', म्हणजे कुस्करलेल्या बटाट्यात केल नावाची पालेभाजी, कांद्याची पात आणि मधोमध वितळणारे लोणी. दुसऱ्या दिवशी सर्व संतांचा सण असल्यामुळे कॅथलिक घरांत आदल्या दिवशी मांस वर्ज्य असे, म्हणून हा बेत. आम्हा शाकाहाऱ्यांची सोय अशी आपोआप होते.

मेयो

कासलबारजवळ टर्लो पार्क येथे ग्रामीण जीवनाचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. तिथे टर्निप नावाचा कंद कोरून केलेल्या कंदिलाची एक प्रतिकृती ठेवली आहे. मूळ कंदील डोनेगलमधील फिनटाऊनचा असून तो १९४३ साली संग्रहालयाकडे आला. खोल गेलेले डोळे, विचकलेले दात आणि सुरकुतलेली कातडी पाहून माझी मुलगी माझ्यामागे लपली. त्यापुढे भोपळ्याचा चेहरा अगदी दिवाणखान्यातला वाटतो.

घरी येऊन तसा कंदील करण्याची हौस आली. इथे ज्याला टर्निप म्हणतात तो जांभळट सालीचा, आतून पिवळा कंद दगडासारखा घट्ट असतो. चाकू शिरेना, तेव्हा नारळ खवायची खवणी घेतली आणि तिच्या दात्यांनी आतला गर थोडा थोडा उकरला. दीड तास लागला आणि तळहाताला फोड आला. आत मेणबत्ती लावल्यावर तापलेल्या कंदाचा जो उग्र, कोबीसारखा वास घरभर सुटला, तो दोन दिवस गेला नाही.

डब्लिनचा पश्चिम भाग

माझा अनुभव कमी गोड आहे. परवान्याविना फटाके बाळगणे या देशात गुन्हा असला तरी सप्टेंबरपासूनच आमच्या वस्तीत बार उडू लागतात, आणि आमचा कुत्रा महिनाभर सोफ्याखाली मुक्काम ठोकतो. होळीसाठी लाकडे चोरणारी आपल्याकडची पोरे पाहिली असल्यामुळे हॅलोविनच्या शेकोटीसाठी माल ठेवायच्या लाकडी पॅलेट गोळा करणाऱ्या टोळक्यांचे प्रथम कौतुक वाटले होते. पण पॅलेटबरोबर टायरही जळतात, आणि एके वर्षी आमचा कचऱ्याचा डबा चाकांसह त्या शेकोटीत गेला. विनापरवाना शेकोट्यांना बंदी असूनही त्या पेटतातच, आणि अग्निशमन दलाची ती रात्र वर्षातल्या सर्वांत धावपळीच्या रात्रींपैकी असते. परंपरेचे गोडवे गाणाऱ्यांनी एकदा आमच्या गल्लीत यावे.

डेरी

उत्तर आयर्लंडमधील या शहरात मोठी माणसेच मुलांपेक्षा जास्त नटतात. सतराव्या शतकातल्या तटबंदीवरून मिरवणारी सोंगे पाहत फिरावे आणि शेवटी फॉइल नदीवरची आतषबाजी पाहावी. सोंग न घेतलेला मी एकटाच होतो, त्यामुळे लोक माझ्याकडेच वळून पाहत होते. पुढच्या वर्षी धोतर-फेटा घालून गेलो, तर एका सांगाड्याने वेशाला दाद दिली.

गॉलवे

आमच्या घरमालकीणबाईंचे बालपण शेतावर गेले. त्यांनी बजावले होते की या रात्रीनंतर कुंपणावरच्या ब्लॅकबेरी तोडायच्या नाहीत, कारण 'पूका' नावाचे खोडकर भूत त्यांच्यावर थुंकून जाते. थंडीने तोवर ती फळे खराब झालेलीच असतात, हे त्यांनाही ठाऊक होते. त्यांची आई त्या रात्री झोपण्यापूर्वी चुलीतला विस्तव विझू न देता नीट सारून ठेवी, दाराला कडी घालत नसे आणि विस्तवासमोर घरातल्या गेलेल्या माणसांसाठी एक खुर्ची मांडून ठेवी. मी त्यांना सर्वपित्री अमावस्येचे पान आणि कावळ्याची वाट पाहणे सांगितले. त्यांनी विचारले, "आणि कावळा आलाच नाही तर?" मी म्हणालो, "मग गेलेल्याची काय इच्छा राहिली असेल ते आठवून, ती पुरी करू असे मोठ्याने सांगायचे." त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि उठून त्यांनी चहाचे पाणी ठेवले.