कांदा राज्याचा, निर्यात दिल्लीची?

मोहोळचा शेतकरी: परवा एकानं लिहिलं, 'राज्यांना जास्त अधिकार म्हणजे देशाची फाटाफूट, सगळं केंद्राकडंच बरं.' दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही. घटनेच्या सातव्या अनुसूचीत शेती राज्याकडं, परदेश व्यापार केंद्राकडं. डिसेंबर 2023 ला कांद्यावर निर्यातबंदी आली तेव्हा माझ्या गोण्या सोलापूरच्या लिलावात होत्या. पट्टी हातात आली, हमाली, तोलाई, भाडं वजा जाता काही उरलंच नाही. मे 2024 ला बंदी उठली, तर वर 40 टक्के शुल्क. राज्याला यात बोलायला जागाच नको?

साखर पेठ (सोलापूर): ते लिहिणारा मीच, आणि शब्द मागं घेत नाही. कर्नाटकचा कांदा चालू अन् आपला बंद, असं झालं तर? जीएसटीच्या आधी चादरींची गाडी घेऊन सीमेवरच्या नाक्यावर रात्र काढलीय मी. 2017 ला नाका गेला, तो एक देश एक कर झाला म्हणूनच.

मोहोळचा शेतकरी: त्याच जीएसटी परिषदेत ठरावाला तीन चतुर्थांश मतं लागतात आणि एक तृतीयांश एकट्या केंद्राकडं. सगळी राज्यं एक झाली तरी केंद्राच्या मनात नसलेला ठराव पडतो, मालक.

होटगी रोड (सोलापूर): दिल्लीचं पुरे. मुंबई आपल्याशी कशी वागते? जकात गेली, एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर गेला, सोलापूर महापालिका अनुदानाची वाट बघत बसते. शहरांना अधिकार देणारी 74 वी घटनादुरुस्ती कागदावरच. 2022 ला सभागृहाची मुदत संपली, मग वर्षानुवर्षं नगरसेवक नव्हते, नुसता प्रशासक होता. नळाला चार-चार दिवस पाणी नाही, तेव्हा जाब कुणाला विचारायचा होता?

पुण्यातला सोलापूरकर: धरणात पाणी असून नळाला येत नाही, हा कारभाराचा दोष. अधिकारांचा काय संबंध?

होटगी रोड: पुण्यात बसून शिकवू नका! 2021 ला उजनी धरणाचं 5 टीएमसी पाणी पुणे जिल्ह्यातल्या इंदापूरला न्यायचा आदेश निघाला. सोलापूर जिल्हा पेटला तेव्हा रद्द झाला. आधी इथल्या कुणाला विचारलं होतं?

पुण्यातला सोलापूरकर: आवाज खाली. माझी आई तिथंच राहते, पाण्याच्या दिवशी पहाटे उठून पिंपं भरते. मलाही कळतं.

साखर पेठ: उजनीचं होटगी रोडवाल्यांचं खरं आहे. बरं, बंदीआधी राज्याला विचारावं, एवढं मान्य. अधिकार मात्र केंद्राचाच.

मोहोळचा शेतकरी: विचारणार कुठं? घटनेच्या कलम 263 ची आंतरराज्य परिषद, जिथं केंद्र अन् राज्यं एकत्र बसतात, त्यासाठीच आहे. बंदी आली तेव्हा तिची शेवटची बैठक होऊन सात वर्षं उलटली होती.